विज्ञानातून अभियांत्रिकीकडे : बुजवलेली वाट पुन्हा खुली करा

बी.एस्सी.च्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेला विद्यार्थी ‘मला इंजिनीअरिंगला जायचंय’ म्हणाला, की घरात, नातेवाइकांत आणि स्टाफरूममध्ये बहुतेक एकच निकाल लागतो : याला सीईटी जमली नाही, आता मागच्या दाराने शिरायचं बघतोय. जरा मायेने बोलणारे म्हणतात, पोराचं मन एका जागी ठरत नाही. दोन्ही मतांच्या मुळाशी समजूत एकच आहे. बारावीनंतरच्या त्या एका उन्हाळ्यात अभियंता होण्याच्या लायकीचं कोण आणि कोण नाही, याचा फैसला होऊन गेला. पुढे काहीही शिकलं तरी तो फिरणार नाही. ही समजूत उथळ आहे. आपल्या प्रवेशांची रचना तिच्यावरच उभी असल्यामुळे ती घातकही आहे.

माझं म्हणणं असं : विज्ञान महाविद्यालयातून अभियांत्रिकी महाविद्यालयात जाण्याची वाट ही हुकलेल्यांवर केलेली मेहेरबानी नव्हे. ती खुली ठेवणं हे विद्यापीठाचं कर्तव्य आहे. आपल्याच एका महाविद्यालयात झालेला अभ्यास ज्या विद्यापीठाला दुसऱ्या महाविद्यालयात जमेस धरता येत नाही, ते परीक्षा घेतं आणि प्रमाणपत्रं देतं, पण विद्यापीठ म्हणून वागत नाही. आजचा नियम काय आहे, पूर्वी काय होतं, गुणवत्ता म्हणजे काय, बदल कोणी मागावा, आक्षेप कोणते आणि उपाय काय, या क्रमाने हे मांडतो.

१. आजची स्थिती : एक विद्यापीठ, एक विद्याशाखा, तरीही भिंत

भाईंदर पूर्वेचं खारी घ्या. मिठागरांच्या पट्ट्यातलं हे जुनं आगरी गाव आता नवघर-गोडदेवसारखंच इमारतींमध्ये मिसळून गेलं आहे. आसपास स्टीलच्या भांड्यांचे गाळे आहेत, तिथे राबणारी कुटुंबं आहेत आणि रोज लोकलने मुंबई गाठणारे नोकरदार आहेत. इथला विद्यार्थी बी.एस्सी.साठी भाईंदर, मीरा रोड किंवा बोरिवली-कांदिवलीकडे जातो. अभियांत्रिकीसाठी मीरा रोडचं श्री एल. आर. तिवारी महाविद्यालय एका स्टेशनावर आहे; खाडी ओलांडली की वसईचं विद्यावर्धिनी आहे. या दोन्हीकडची पदवी मुंबई विद्यापीठाची आणि त्याच्या बी.एस्सी.ची पदवीही मुंबई विद्यापीठाचीच.

एकी इथेच संपत नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ नुसार विद्यापीठात चार विद्याशाखा आहेत आणि त्यांतली एक ‘विज्ञान व तंत्रज्ञान’. म्हणजे बी.एस्सी. आणि बी.ई. हे दोन्ही अभ्यासक्रम कायद्याने एकाच विद्याशाखेत, एकाच अधिष्ठात्यांच्या अखत्यारीत येतात. कायदा त्यांना एका पंगतीत बसवतो. प्रवेशाचे नियम मात्र त्यांच्यात भिंत घालतात.

नियम पाहू. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, म्हणजे एआयसीटीई, दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशासाठी मुख्यतः दोन वाटा देते. पहिली पॉलिटेक्निकच्या पदविकाधारकांची. दुसरी बी.एस्सी.वाल्यांची; पण तिला अटी आहेत. पदवी पूर्ण झालेली हवी, किमान ४५ टक्के गुण हवेत, राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के. बारावीला गणित असायलाच हवं. प्रवेश मिळाल्यावर पहिल्या वर्षाचे इंजिनीअरिंग ड्रॉइंग आणि मेकॅनिक्स हे विषय दुसऱ्या वर्षाबरोबर काढायचे. आणि शेवटची अट : पदविकाधारकांना जागा देऊन झाल्यावर काही उरलं, तरच बी.एस्सी.वाल्यांचा विचार.

या अटींचं गणित करून बघा. बारावीनंतर सरळ बी.ई. केलं, तर पहिलीपासून धरून १६ वर्षांत पदवी हाती येते. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आणि मग तीन वर्षं बी.ई., तरी १६ वर्षं. बी.एस्सी.वाल्याला मात्र बारावी, तीन वर्षं बी.एस्सी. आणि पुन्हा तीन वर्षं बी.ई. अशी १८ वर्षं लागतात. एफवायला, म्हणजे बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला, असतानाच ज्याला आपली दिशा कळली, त्याच्यापुढे दोनच पर्याय उरतात. एक, नको असलेली दोन वर्षं रेटून पदवी घ्यायची. दोन, केलेलं वर्ष सोडून द्यायचं, पुन्हा सीईटी द्यायची आणि एफईला, म्हणजे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला, शून्यापासून बसायचं. म्हणजे १७ वर्षं, आणि त्या पहिल्या वर्षात बी.एस्सी.ला नुकतंच शिकलेलं भौतिकशास्त्र आणि गणित पुन्हा एकदा.

बारावीच्या गणिताची अट तर फार बोलकी आहे. विद्यापीठात तीन वर्षं शिकून, विद्यापीठाचीच परीक्षा देऊन पदवी घेतलेल्या माणसाला नियम विचारतो, बारावीला गणित होतं का? पदवीच्या अभ्यासात त्याने कितीही गणित केलेलं असो, त्या प्रश्नाचं उत्तर बदलत नाही. विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षेवर याहून मोठा अविश्वास कोणता?

नवीन शैक्षणिक धोरणाने ही भिंत पडेल असं वाटलं होतं. २०२१ मध्ये शैक्षणिक क्रेडिट बँक आली. चार वर्षांच्या पदवीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने किमान १६० क्रेडिट ठरवली, आणि एआयसीटीईच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमातही बी.टेक.ची एकूण क्रेडिट १६०च आहेत. मोजायचं माप एक झालं, खातंही उघडलं. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याचं हे खातं म्हणजे असं पासबुक आहे, ज्यात शिल्लक दिसते आणि पैसे कुठल्याच शाखेत काढता येत नाहीत. क्रेडिट साठवण्याची सोय झाली. ती क्रेडिट स्वीकारण्याचं बंधन कोणावरही नाही.

२. ही वाट परकी नाही, आपलीच आहे

बदलाला विरोध करणारे परंपरेचा आधार घेतात. ‘इंजिनीअरिंग हे वेगळंच क्षेत्र, तिथे पहिल्यापासून वेगळीच तयारी लागते,’ असं ते म्हणतात. इतिहास याच्या उलट आहे.

पुण्यातलं अभियांत्रिकी शिक्षण १८५४ साली सुरू झालं, मुंबई विद्यापीठाच्याही तीन वर्षं आधी. पुढे तीच संस्था कॉलेज ऑफ सायन्स झाली आणि १९११ मध्ये कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग. तिच्या सर्वांत नामवंत विद्यार्थ्याची वाटचाल पाहा. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८१ मध्ये बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजातून बी.ए. झाले. त्यानंतर ते पुण्याला आले आणि १८८३ मध्ये अभियांत्रिकीची परीक्षा अव्वल क्रमांकाने उत्तीर्ण झाले. खडकवासल्याला त्यांनी बसवलेले स्वयंचलित दरवाजे हा धरणांच्या इतिहासातला टप्पा आहे. त्यांच्या जन्मदिनी, १५ सप्टेंबरला, देशभर अभियंता दिन साजरा होतो. पण आजच्या नियमांत बी.ए.च्या पदवीवर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला अर्जसुद्धा करता येत नाही. ज्यांच्या नावाने आपण हा दिवस पाळतो, त्यांना आजच्या नियमाने दारातूनच परत पाठवलं असतं.

मुंबईकडे वळू. १९३३ साली मुंबई विद्यापीठाने स्वतःचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला. यूडीसीटी या नावाने तो ओळखला जाई. आज ती माटुंग्याची आयसीटी ही स्वतंत्र संस्था आहे. तिथल्या बी.एस्सी. टेक. अभ्यासक्रमाला रसायनशास्त्राची बी.एस्सी. झालेले विद्यार्थी येत. आधी विज्ञान, मग त्याच पायावर तंत्रज्ञान, अशी ती रचना होती. रंग, कापड, औषधं, तेलं, प्लास्टिक या भारतीय उद्योगांना कित्येक दशकं तंत्रज्ञ पुरवणारी संस्था याच वाटेने माणसं घेत होती. कोणी तिला मागचं दार म्हटलं नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी आपण विसरूनच गेलो आहोत. महाराष्ट्रात दहावीची पहिली शालान्त परीक्षा १९७५ साली झाली आणि बारावीची पहिली परीक्षा १९७७ साली. त्याआधी अकरावीला एसएससी होऊन मुलं थेट महाविद्यालयात जात. रुईया, फर्ग्युसन, विलिंग्डन अशा महाविद्यालयांत आधी विज्ञान शिकत, इंटर सायन्सची परीक्षा देत आणि तिच्या गुणांवर इंजिनीअरिंगला किंवा मेडिकलला जात. म्हणजे त्या पिढीचा विद्यापीठातला अभियंता बहुतांशी विज्ञान महाविद्यालयातूनच आलेला असे. विज्ञानातून अभियांत्रिकीत जाणं हा अपवाद नव्हता, ती रीत होती. आजच्या अनेक आजोबांच्या इंजिनीअरिंगच्या पदवीमागे अशीच इंटर सायन्सची गुणपत्रिका आहे.

दहा अधिक दोनच्या नव्या रचनेत ही मधली वर्षं विद्यापीठाकडून मंडळाकडे गेली. त्यामागे कोणाचा वाईट हेतू नव्हता; कोठारी आयोगाच्या शिफारशींनुसार देशभर ही रचना आली. पुढे १९८३ पासून विनाअनुदानित खासगी महाविद्यालयं निघाली, देणग्यांचा सुळसुळाट झाला, १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरोधी कायदा करावा लागला, न्यायालयांचे निवाडे आले आणि हळूहळू प्रवेश केंद्रीय प्रक्रियेत, सीईटीच्या गुणांवर आले. पारदर्शकतेच्या दृष्टीने हे फार मोठं पाऊल होतं आणि त्याचं मोल मी कमी करत नाही. मात्र चोरांसाठी दार लावताना घरातल्यांची येजा बंद होते आहे, याकडे कोणी पाहिलं नाही.

देशाच्या इतिहासातही हेच दिसतं. सतीश धवन यांनी एकाच पंजाब विद्यापीठातून गणित-भौतिकशास्त्राची बी.ए., इंग्रजी साहित्याची एम.ए. आणि १९४५ मध्ये यांत्रिकी अभियांत्रिकीची बी.ई. अशा पदव्या घेतल्या. पुढे त्यांनी इस्रोचं नेतृत्व केलं. ए.पी.जे. अब्दुल कलाम तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकले. आपला विषय भौतिकशास्त्र नसून अभियांत्रिकी आहे, हे त्यांना कळलं ते पदवीच्या अखेरच्या वर्षी, असं त्यांनीच आत्मचरित्रात सांगितलं आहे. मग ते मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत विमानविद्येकडे गेले, कारण ती संस्था बी.एस्सी. झालेल्यांना प्रवेश देत होती. हे दोघे असामान्य होते. पण ते ज्या दारांतून गेले, ती दारं असामान्यांसाठी बांधलेली नव्हती. सर्वसाधारण विद्यार्थ्यांसाठी खुली होती, म्हणून असामान्यही त्यांतून जाऊ शकले.

३. गुणवत्ता नेमकी कुठे दिसते?

इथे मूळ प्रश्न येतो. सीईटी म्हणजे गुणवत्ता, हे समीकरण आपण तपासूनच पाहिलेलं नाही. तीन तासांत दीडशे बहुपर्यायी प्रश्न, अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम, आणि सतराव्या-अठराव्या वर्षी गाठलेला वेग : सीईटी एवढंच मोजते. लाखो विद्यार्थ्यांना एका रांगेत लावायला अशी परीक्षा लागते, हे मान्य. पण रांग लावणं वेगळं आणि लायकी ओळखणं वेगळं.

आता बी.एस्सी.च्या एका वर्षात काय होतं ते पाहा. दोन सत्रं, लेखी पेपर, प्रात्यक्षिकं, जर्नल, तोंडी परीक्षा. वेळेवर काम पुरं करणं. स्पष्टीकरणासह उत्तर लिहिणं. उपकरण हाताळणं, चुकलेलं वाचन पुन्हा घेणं. अभियांत्रिकीची चार वर्षं नेमकं हेच मागतात. दीडशे प्रश्न झटपट सोडवण्याची कला एसईच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, प्रयोगशाळेत फारशी कामी येत नाही. पहिल्या प्रयत्नात न जमलेलं सर्किट तिसऱ्यांदा उभं करण्याची चिकाटी येते. एका दिवसाच्या कसोटीपेक्षा वर्षभराची कसोटी अधिक विश्वासार्ह असते, हे शिक्षणातलं जुनं शहाणपण आहे. आपण मात्र वर्षभराचा पुरावा बाजूला सारून एका दिवसाचा पुरावा कायमचा मानतो.

दुसरा मुद्दा माहितीचा. बारावीच्या मुलाला अभियांत्रिकी म्हणजे काय, हे बहुधा शेजारच्या दादाच्या पॅकेजवरून कळतं. त्याने ना मशीन उघडलेलं असतं, ना प्रोग्रॅम लिहून तो दुरुस्त केलेला असतो. विद्यापीठात वर्षभर राहिल्यावर मात्र त्याला आपल्याबद्दल काही कळतं. मला सिद्धान्त आवडतो की त्याचा उपयोग? विजेचा नियम समजून घेण्यात माझं मन रमतं, की त्या नियमावर मोटार चालवण्यात? अशा कळण्यातून घेतलेला निर्णय उशिरा येतो, पण अधिक पक्का असतो. उशिराचा निर्णय कमी प्रतीचा असं आपण मानतो, ते शहाणपणाला वयाची अट घालण्यासारखं आहे.

आणि पूर्वीचं शिक्षण जमेस धरून दुसऱ्या वर्षाला आणलेला विद्यार्थी टिकतो का, याचं उत्तर आपल्यापाशी आधीच आहे. महाराष्ट्रात दरवर्षी पदविकाधारक मोठ्या संख्येने थेट दुसऱ्या वर्षाला येतात. सुरुवातीला त्यांना गणित जड जातं, पण कार्यशाळा, ड्रॉइंग आणि यंत्रांची ओळख यांत ते पुढे असतात. विज्ञानाच्या विद्यार्थ्याचं नेमकं उलट असतं : गणित आणि सिद्धान्त पक्का, ड्रॉइंग कच्चं. पहिल्या प्रकारची उणीव भरून काढता येते हे आपण मान्य केलं आहे. दुसऱ्या प्रकारची भरून निघत नाही, असं म्हणायला आधार कोणता?

४. बदल मागणारे दोन प्रकारचे असतात

बदल मागणाऱ्या प्रत्येकाला हो म्हणावं, असं मी म्हणत नाही. इंजिनीअरिंग श्रेष्ठ आणि विज्ञान कनिष्ठ, असंही म्हणत नाही. उलट या लेखाचा रोख त्या उतरंडीविरुद्धच आहे.

काही विद्यार्थी कशापासून तरी दूर पळतात. काही कशाकडे तरी जातात. ‘बी.एस्सी.ला काही स्कोप नाही’ एवढंच कारण सांगणारा पळतो आहे. त्याला बी.ई.तही उद्या हेच वाटेल. ज्याला सिग्नल, पूल, रसायनांची भट्टी, कोड यांत काही घडवायचं आहे आणि त्यासाठी आपल्याला काय येत नाही हेही जो सांगू शकतो, तो जातो आहे. चांगल्या व्यवस्थेने या दोघांतला फरक ओळखायचा असतो. आजची व्यवस्था तो ओळखतच नाही. ती दोघांनाही सारखंच अडवते आणि दोघांनाही सारखंच पुन्हा सीईटीच्या क्लासला पाठवते. फरक करण्याची जबाबदारी टाळण्यासाठी सरसकट नकार देणं सोपं असतं. त्याला कठोरपणा म्हणता येत नाही.

खारीसारख्या ठिकाणी हा फरक ओळखणं आणखी गरजेचं आहे. इथल्या अनेक घरांत बी.एस्सी. ही निवड नसते, ती खर्चाची मर्यादा असते. अनुदानित विज्ञान महाविद्यालयाची फी आणि खासगी अभियांत्रिकीची वर्षाला लाखाच्या घरात जाणारी फी यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. बारावीच्या वर्षी घरात एक पगार कमी असला, आजारपण असलं, की मुलीला सांगितलं जातं, तू बी.एस्सी. कर. वर्षभराने परिस्थिती सावरते. शिवाय जुलै २०२४ पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्काची पूर्ण माफी आहे. पण ही माफी केंद्रीय प्रक्रियेतून आलेल्या प्रवेशालाच लागू होते. वर्ष उलटलेल्या मुलीसाठी केंद्रीय प्रक्रियेत एफवायमधून जाणारी वाटच नाही. सवलत आहे, जागा आहे, मुलगी लायक आहे, आणि तरीही ती आत येऊ शकत नाही.

५. आक्षेप आणि उत्तरं

पहिला आक्षेप : सीईटीत घासून जागा मिळवलेल्यांवर हा अन्याय. प्रश्न रिकाम्या जागांचा आहे, हे इथे लक्षात घ्यावं. पहिल्या वर्षी न भरलेल्या आणि नंतर गळतीने मोकळ्या झालेल्या जागा दुसऱ्या वर्षी उपलब्ध असतात. त्या भरल्याने कोणाचीही जागा जात नाही. नामांकित महाविद्यालयांत अशा जागा थोड्याच असतील, म्हणून बी.एस्सी.तून व्हीजेटीआयला झुंडी जातील ही भीती निराधार आहे. आणखी एक विसंगती पाहा. बारावीनंतर वर्षभर घरी बसून, क्लासला जाऊन पुन्हा सीईटी देणारा आपल्याला चालतो. त्याच्या ‘ड्रॉप’ला आपण मेहनत म्हणतो. तेच वर्ष विद्यापीठात शिकण्यात घालवलेला आपल्याला चालत नाही. न शिकण्याला मान आणि शिकण्याला दंड, ही कसली न्यायबुद्धी?

दुसरा आक्षेप : अभ्यासक्रम जुळत नाहीत. अर्धं खरं आहे. नव्या धोरणाच्या एफवायत मुख्य विषयाबरोबर भाषा, कौशल्य आणि इतर विषयांची क्रेडिटं असतात. ती सगळी अभियांत्रिकीत मोजावीत असं कोणी म्हणणार नाही. एआयसीटीईच्या नमुना अभ्यासक्रमात गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र या मूलभूत विज्ञानांची सुमारे २५ क्रेडिटं आहेत. जुळणी बघायची ती मुख्यतः यांची. न जुळणारा भाग म्हणजे ड्रॉइंग, मेकॅनिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल, कार्यशाळा. एआयसीटीईने स्वतःच पदवीधर बी.एस्सी.वाल्यांसाठी ही दरी दोन विषयांत मोजून दिली आहे. जी दरी दोन विषय काढून पार होते, ती ओलांडता न येणारी दरी नव्हे.

तिसरा आक्षेप, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो : अशाने विज्ञान महाविद्यालयं प्रतीक्षालयं होतील. ज्यांना विज्ञानात रस नाही ते बी.एस्सी.ला नाव घालतील आणि वर्षभराने उठून जातील. याचं उत्तर असं, की आज नेमकं हेच चाललं आहे. पुन्हा सीईटी देणारी कितीतरी मुलं हातात काहीतरी असावं म्हणून एफवायला प्रवेश घेतात आणि वर्गात फिरकत नाहीत, कारण वर्गातल्या कामाला त्यांच्या पुढच्या प्रवेशात काहीच किंमत नाही. एफवायचे गुण मोजले जाऊ लागले, तर तीच मुलं वर्गात बसतील, प्रात्यक्षिकं करतील. त्यांतल्या काहींना तिथेच विज्ञानाची गोडी लागेल. आणि जी वाट दोन्ही दिशांनी खुली असते, ती विज्ञानालाही माणसं देते; त्याबद्दल पुढे लिहितो.

चौथा आक्षेप : यातून पैशाचे व्यवहार होतील. ही भीती आपल्या इतिहासातून आलेली आहे, म्हणून तिला गांभीर्याने उत्तर द्यायला हवं. महाविद्यालयांना आपापसांत ना-हरकत देऊन विद्यार्थी घेऊ द्यायचे, असं झालं तर व्यवहार होतीलच. म्हणून हे प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच, जाहीर गुणवत्ता यादीने, आरक्षणासह व्हायला हवेत. व्यवस्थापन कोट्याला यात स्थान नसावं. असं केलं तर शुल्कमाफी आणि शिष्यवृत्त्याही शाबूत राहतील.

पाचवा आक्षेप शिक्षक मंडळी खासगीत घेतात : आजकाल अंतर्गत गुण उदारपणे दिले जातात, दोन महाविद्यालयांचे ८० टक्के सारखे नसतात. हे खरं आहे. म्हणूनच केवळ सत्रपरीक्षेच्या गुणांवर यादी लावू नये. पण या कारणाने वाटच बंद ठेवणारं विद्यापीठ आपल्या गुणपत्रिकांवर आपलाच विश्वास नसल्याची कबुली देत असतं. अशा कबुलीनंतर गुणपत्रिका सुधारायच्या असतात. विद्यार्थ्याला शिक्षा द्यायची नसते.

६. काय करायला हवं

जगात हे अनेक ठिकाणी नेमाने चालतं. कॅलिफोर्नियात १९६० च्या आराखड्याने स्थानिक सामुदायिक महाविद्यालयांतून राज्याच्या मोठ्या विद्यापीठांत जाण्याची पद्धत घालून दिली. बर्कलेत कला-विज्ञान महाविद्यालयातला विद्यार्थी अभियांत्रिकी महाविद्यालयात बदल मागू शकतो. पर्ड्यू विद्यापीठातही विभाग बदलण्याची ठरलेली प्रक्रिया आहे. तिथेही जागा मर्यादित असतात, गणित-भौतिकशास्त्राच्या अटी असतात, अनेकांना नकार मिळतो. पण अट आधी जाहीर असते आणि ती विद्यापीठातल्या कामगिरीवर असते. विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी माहीत असतं, की काय केलं तर दार उघडेल.

आपल्याकडे पाच गोष्टी पुरेशा आहेत.

एक, एआयसीटीईने ‘बी.एस्सी. पदवी’ या अटीला पर्याय द्यावा : विज्ञान शाखेचं पहिलं वर्ष सर्व विषयांत, एकही केटी न ठेवता, पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण. बारावीच्या गणिताऐवजी विद्यापीठातलं गणितही ग्राह्य धरावं.

दोन, विद्यापीठाच्या विद्या परिषदेने बी.एस्सी.चा कोणता पेपर एफईच्या कोणत्या पेपरच्या बरोबरीचा, याचा तक्ता जाहीर करावा. हे काम अभ्यास मंडळांचं आहे आणि विज्ञान व तंत्रज्ञानाची मंडळं एकाच विद्याशाखेत असल्यामुळे त्याला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही.

तीन, न जुळणाऱ्या विषयांचा ब्रिज कोर्स उन्हाळी सुट्टीत व्हावा. त्याची अखेरची परीक्षा सर्व महाविद्यालयांसाठी एकच असावी, विद्यापीठाने घ्यावी आणि गुणवत्ता यादीत तिचा मोठा वाटा असावा. गुणांच्या उदारपणाच्या आक्षेपाला हेच उत्तर आहे. पळणारा कोण आणि जाणारा कोण, हेही या उन्हाळ्यात उघड होईल, कारण ज्याला खरंच जायचं नाही, तो मेमध्ये ड्रॉइंग शीटवर घाम गाळणार नाही.

चार, राज्याच्या सीईटी कक्षाने थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रक्रियेत या विद्यार्थ्यांची स्वतंत्र यादी करावी. पदविकाधारकांचा पहिला हक्क राहू द्यावा. पण उरलेल्या जागा रिकाम्या ठेवू नयेत.

पाच, आणि हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं : उलटी वाटही तितकीच सन्मानाने उघडावी. एफईला एम-वन, एम-टू या गणिताच्या पेपरांच्या केट्यांमध्ये वर्षानुवर्षं अडकलेली, किंवा सगळे पेपर काढूनही यात आपलं मन नाही हे कळलेली हजारो मुलं आहेत. त्यांना भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, मराठी साहित्य काहीही शिकायचं असेल, तर केलेली क्रेडिटं घेऊन जाता आलं पाहिजे. केवळ इंजिनीअरिंगकडे जाणारी वाट उघडली, तर आपण तीच जुनी उतरंड आणखी पक्की करू. दोन्हीकडून येजा सुरू झाली, तरच ‘इंजिनीअरिंग मिळालं नाही म्हणून बी.एस्सी.’ हे वाक्य हळूहळू मागे पडेल, कारण मग जो बी.एस्सी.ला असेल, तो तिथे राहण्याचं ठरवून असेल.

७. कोणाचा निर्णय, कोणाची जबाबदारी

हे सगळं कोण करणार, असा प्रश्न आला की आपल्याकडे बोट दुसरीकडे जातं. विद्यापीठ एआयसीटीईकडे दाखवतं, एआयसीटीई राज्याकडे, राज्य न्यायालयाच्या निवाड्यांकडे. म्हणून कोणाकडे काय आहे, हे स्पष्ट असावं. पात्रतेची अट एआयसीटीईच्या हातात आहे, प्रवेशाची प्रक्रिया राज्याच्या. पण समकक्षतेचा तक्ता, ब्रिज कोर्स आणि उलट्या वाटेची क्रेडिटं यांचा पाया विद्यापीठाला आजच घालता येतो. कोणाच्याही परवानगीची वाट न बघता मुंबई विद्यापीठाने हा तक्ता प्रसिद्ध केला, तर नियम बदलण्याची मागणी हवेत राहणार नाही. तिला कागद मिळेल. प्राध्यापक संघटना, अधिसभेचे निवडून आलेले पदवीधर सदस्य आणि मीरा-भाईंदर-वसईसारख्या उपनगरांतले पालक यांनी नेमकी हीच मागणी अधिसभेत आणि विद्या परिषदेत लावून धरावी.

सतराव्या वर्षी एक परीक्षा कमी पडलेल्या मुलाला आपण ‘तू तेवढाच’ असं सांगतो, आणि अठराव्या वर्षी त्याने विद्यापीठात ते खोटं ठरवलं, तरी ऐकत नाही. शिक्षण माणसाला बदलतं यावर ज्या समाजाचा विश्वास आहे, त्याने शिकून बदललेल्या माणसाला जागा द्यायला हवी. तो विश्वास नसेल, तर महाविद्यालयं तरी कशासाठी चालवायची?